शिकागोच्या ‘कब्ज कन्व्हेन्शन’मध्ये खेळाडूंच्या सह्या कशा घ्यायच्या: नव्याने येणाऱ्यांसाठी

घरातलं मूल बेसबॉल खेळायला लागलं की वर्षभरात सगळ्या घराला त्या खेळाचा लळा लागतो. आधी नियम कळतात, मग खेळाडूंची नावं तोंडपाठ होतात आणि एक दिवस जेवता जेवता प्रश्न येतो, ‘‘आपल्याला त्यांची सही मिळेल का?’’ मिळते. आपल्याकडे मोठ्या क्रिकेटपटूची सही हवी असेल तर कुणाची तरी ओळख लागते, नाहीतर हॉटेलच्या दारात ताटकळत उभं राहावं लागतं. इथे अमेरिकेत त्यासाठी संघ स्वतःच दरवर्षी मेळावा भरवतो, खेळाडूंना टेबलाशी बसवतो आणि सही कुठे, किती वाजता मिळेल याचं वेळापत्रक जाहीर करतो.

शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचा असा मेळावा, म्हणजेच ‘कब्ज कन्व्हेन्शन’, 1986 साली सुरू झाला. एखाद्या बेसबॉल संघाने चाहत्यांसाठी स्वतंत्र मेळावा भरवण्याची प्रथा इथूनच पडली असं मानतात. जानेवारी महिना, शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस आणि जागा म्हणजे नदीकाठचं शेरेटन ग्रँड हॉटेल. मैदानावर बर्फ असतो, त्यामुळे सगळं काही हॉटेलच्या आतच चालतं. मुलाखती, प्रश्नोत्तरं, जुन्या वस्तूंची दुकानं, शनिवारी रात्रीचा बिंगो आणि या सगळ्याच्या अधेमधे सह्यांची टेबलं. जमलेल्या पैशातला नफा ‘कब्ज चॅरिटीज’ या संघाच्या धर्मादाय संस्थेकडे जातो.

जानेवारीच का, तर मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपलेला असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) सरावासाठी ॲरिझोनाला निघतात. मधल्या या काळात खेळाडू मोकळे असतात, ताजेतवाने असतात आणि बोलायच्या मनःस्थितीत असतात. जुलैमध्ये रिग्ली फील्ड या कब्जच्या मैदानाच्या कुंपणाशी घाईघाईत मिळालेली सही आणि जानेवारीत टेबलाशी बसून, मुलाचं नाव विचारून दिलेली सही यांत फार फरक आहे. म्हणून पहिली सही घ्यायची असेल तर मी प्रत्येकाला मेळाव्यालाच जायला सांगतो.

1. सह्या कोणत्या पद्धतीने वाटतात ते आधी समजून घ्या

नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. पास काढला म्हणजे कुणाचीही सही मिळणार असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. पास म्हणजे आत शिरायचा परवाना. सहीची व्यवस्था वेगळी असते आणि ती ढोबळमानाने तीन प्रकारची असते.

पहिली म्हणजे जो आधी येईल त्याला मिळेल अशी खुली रांग. सहसा नवे, तरुण किंवा जुने निवृत्त खेळाडू अशा रांगेत मिळतात. दुसरी सोडतीची. मोठ्या खेळाडूंसाठी चिठ्ठ्या किंवा व्हाउचर काढतात आणि ज्याचा नंबर लागला तोच त्या रांगेत उभा राहू शकतो. तिसरी विकतच्या तिकिटाची. खेळाडूगणिक दर ठरलेला असतो, तिकिटावर वेळ छापलेली असते. लालबागच्या राजाला जशी नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, तसंच हे. चुकीच्या रांगेत तीन तास काढले तरी पुढे जाऊन उपयोग नसतो.

सेंट लुइसच्या कार्डिनल्स संघाचा ‘विंटर वॉर्म-अप’ हा मेळावा तिसऱ्या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे. तिथे सह्यांची तिकिटं आधी विकतात आणि पैसे 1997 साली स्थापन झालेल्या ‘कार्डिनल्स केअर’ या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जातात. मिनियापोलिसच्या ट्विन्स संघाचा ‘ट्विन्सफेस्ट’ टार्गेट फील्ड या त्यांच्या मैदानाच्या इमारतीतच भरतो आणि तिथेही उत्पन्न संघाच्या सामाजिक निधीकडे जातं. प्रत्येक संघ दरवर्षी पद्धतीत काही ना काही बदल करतो. त्यामुळे मित्राने गेल्या वर्षी काय केलं यावर विसंबू नका. संघाच्या अधिकृत पानावरचे या वर्षीचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

वाचताना चार गोष्टी खास शोधा: एका माणसाला किती वस्तूंवर सही मिळेल, नाव घालून देतात का, फोटो काढू देतात का आणि लहान मुलांना वेगळं तिकीट लागतं का.

2. पास वेळेत काढा

पासांची विक्री काही महिने आधी सुरू होते आणि पास लवकर संपतात. संघाच्या ईमेल यादीत नाव नोंदवून ठेवा, म्हणजे विक्रीची तारीख आयतीच कळते. विक्रीच्या दिवशी खातं आधीच उघडून ठेवा, कार्डाचा तपशील भरून ठेवा आणि घरातल्या किती जणांसाठी पास घ्यायचे ते आदल्या रात्री ठरवा. पास टोपलीत पडल्यावर ‘‘आईबाबा पण येतील का?’’ ही चर्चा सुरू झाली की पास हातचे जातात.

आईबाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना जरूर न्या. बसायला खुर्च्या असतात, गाणी-गप्पा असतात आणि जुन्या खेळाडूंची मुलाखत त्यांना मनापासून आवडते. मात्र पास प्रत्येकाचा हवा.

हॉटेलची खोली आणि पास असं एकत्र पॅकेजही असतं. नेपरव्हिल, शॉमबर्गसारख्या उपनगरात राहणाऱ्यांना खोलीची गरज नाही. नेपरव्हिलहून बीएनएसएफ आणि शॉमबर्गहून मिलवॉकी डिस्ट्रिक्ट वेस्ट, मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या दोन्ही गाड्या युनियन स्टेशनला येतात आणि तिथून बस किंवा टॅक्सीने हॉटेल गाठता येतं. शनिवार-रविवारी गाड्या कमी असतात, तेव्हा परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवा. शहराच्या त्या भागात गाडी उभी करायला चांगलेच पैसे पडतात. पण अगदी लहान मूल असेल तर खोली घेणं मला रास्त वाटतं. दुपारी तासभर झोप झाली की संध्याकाळची रांग सुसह्य होते.

पास संपल्यावर अनोळखी माणसाकडून समाजमाध्यमांवर घेऊ नका. पासाचं तेच चित्र दहा जणांना विकलेलं असू शकतं आणि दारातलं यंत्र फक्त पहिल्यालाच आत सोडतं.

3. यादी करा आणि ती छोटी ठेवा

येणाऱ्या खेळाडूंची नावं मेळाव्याआधी जाहीर होतात. वेळापत्रक हाती आलं की कागद घेऊन बसा आणि तीन रकाने आखा: ‘हवीच’, ‘मिळाली तर उत्तम’ आणि ‘ज्याचं नाव आज ठाऊक नाही’. हा तिसरा रकाना मी आग्रहाने सांगतो.

तारांकित खेळाडूंच्या मागे सगळेच असतात. 2022 पासून कब्जकडे असलेला सेइया सुझुकी किंवा 2024 साली आलेला शोता इमानागा यांची सही सोडतीवरच अवलंबून राहणार, हे गृहीत धरा. पण त्याच दालनात वीस-बावीस वर्षांचे खेळाडू बसलेले असतात. त्यांनी अजून मोठ्या मैदानावर पाऊल ठेवलेलं नसतं. ते आयोवा, नॉक्सव्हिल, साउथ बेंड नाहीतर मर्टल बीच इथल्या कब्जच्या दुय्यम संघांतून खेळत असतात. त्यांच्यासमोर रांग लहान असते. ते मान वर करून बघतात, मुलाला ‘‘तू कुठल्या जागी खेळतोस?’’ असं विचारतात आणि सही सावकाश, नीट वाचता येईल अशी करतात. यातला एखादा दोन वर्षांनी टीव्हीवर दिसतो. त्या वेळी मुलाच्या टेबलावर त्याच्या सहीचा बॉल असणं ही मोठी मौज आहे.

जुन्या खेळाडूंनाही वगळू नका. बिली विल्यम्स 1987 साली आणि फर्गी जेंकिन्स 1991 साली ‘हॉल ऑफ फेम’ या थोर बेसबॉलपटूंच्या मानाच्या यादीत गेले, दोघांचे पुतळे रिग्ली फील्डबाहेर आहेत. असे दिग्गज बरेचदा सहीखाली ‘एचओएफ’ (हॉल ऑफ फेम) आणि ते वर्ष लिहितात. मुलाला आधी त्यांचा एखादा जुना सामना यूट्यूबवर दाखवा. ज्याचं खेळणं पाहिलंय त्याची सही घेताना मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते नुसतं नाव ऐकून येत नाही.

4. सामान: कशावर आणि कशाने सही घ्यायची

या भागात घाई करू नका. सही मिळूनही पुढे पुसट झाली, पसरली, पिवळी पडली, हे बहुतेक वेळा चुकीच्या पेनामुळे किंवा चुकीच्या बॉलमुळे होतं.

बॉल. दुकानात दोन-चार डॉलरला मिळणारा कृत्रिम कातड्याचा बॉल सहीसाठी घेऊ नका. त्याच्या प्लास्टिकसारख्या पृष्ठभागावर शाई धड मुरत नाही. रॉलिंग्ज कंपनीचा ‘ऑफिशियल मेजर लीग बेसबॉल’ घ्या. 1977 पासून हीच कंपनी मेजर लीगला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेला, बॉल पुरवते आणि कोस्टा रिकातल्या तुरिआल्बा गावात ते हाताने शिवले जातात. किंमत 25 ते 30 डॉलरच्या आसपास. प्रत्येक बॉलवर लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके असतात. कब्जने 1908 नंतर थेट 2016 साली विश्वविजेतेपद मिळवलं, म्हणजे मधे गेली तीही 108 वर्षंच. आपल्या जपमाळेतही मणी 108. कब्जच्या चाहत्याला हे सांगून पाहा, रांगेतला वेळ छान जातो.

बॉलवर दोन जागी शिवणी एकमेकींच्या अगदी जवळ येतात. त्यातल्या एका जागी कमिशनरची, म्हणजे लीगच्या प्रमुखाची, छापील सही असते. तिच्या बरोबर विरुद्ध बाजूची कोरी चिंचोळी जागा म्हणजे ‘स्वीट स्पॉट’. एका खेळाडूची सही घ्यायची तर ती इथेच. एकाच बॉलवर सगळ्या संघाच्या सह्या गोळा करणार असाल तर ही जागा रिकामी ठेवा, ती संघाच्या व्यवस्थापकासाठी (मुख्य प्रशिक्षकासाठी) राखण्याची जुनी रीत आहे. बाकीच्यांनी बाजूच्या रुंद पट्ट्यांवर सही करायची. मला विचाराल तर पहिल्या वर्षी एका बॉलवर एकच सही घ्या. वीस सह्यांच्या बॉलवरची कुठली कुणाची हे सहा महिन्यांनी ओळखू येत नाही.

एक सापळा: आधीच सगळ्या संघाच्या सह्या छापलेले बॉल दुकानात मिळतात. ते आठवण म्हणून ठीक, पण त्यावर खरी सही घ्यायला जागाच उरत नाही.

पेन. बॉलसाठी निळं बॉलपेन. साधं, मध्यम टोकाचं, बिकसारखं. जेल पेन नको, ते पुसलं जातं. बॉलच्या कातड्यावर शार्पी हा पक्क्या शाईचा मार्कर तर नकोच. पहिल्या दिवशी ठळक आणि सुंदर दिसतो, पण त्याची शाई कातड्यात हळूहळू पसरते आणि अक्षरांभोवती पिवळसर कडा येते. टेबलावर ठेवलेलं पेन बरेचदा शार्पीच असतं. म्हणून आपलं बॉलपेन न्या आणि खेळाडूसमोर बॉल ठेवतानाच ते टोपण काढून पुढे करा. काळ्याऐवजी निळं अशासाठी, की निळी शाई छपाईपासून चटकन वेगळी ओळखू येते.

शार्पीची जागा दुसरीकडे आहे: फोटो, बेसबॉल कार्ड, टोपी, जर्सी आणि बॅट. निळा शार्पी फिक्या रंगावर, चंदेरी गडद रंगावर. चंदेरी पेंट पेन असेल तर ते आधी हलवून, कागदावर दाबून शाई उतरवून ठेवावं लागतं, नाहीतर पहिल्याच अक्षराला थेंब पडतो.

फोटो 8 बाय 10 इंचाचा घ्या आणि त्यात सहीसाठी फिकी मोकळी जागा आहे ना ते पाहा. चेहऱ्याच्या आजूबाजूला काळोखच असेल तर निळी सही बुडून जाते. नव्या चकचकीत कार्डांवर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. त्यावर किंचित बेबी पावडर लावून मऊ कापडाने पुसा, चकाकी कमी होते आणि शाई धरते. जर्सीवर पाठीवरच्या आकड्यात सही उठून दिसते, पण कापड सैल असेल तर रेघा वाकड्या होतात. आतून पुठ्ठा सरकवून ठेवा.

तर पिशवीत हे सामान असू द्या:

- फोनमधला पास आणि सहीचं व्हाउचर
- फोटो असलेलं ओळखपत्र
- प्रत्येक सहीसाठी एक वस्तू आणि एक जादा कोरा बॉल
- निळी बॉलपेनं दोन-तीन, निळा शार्पी एक, चंदेरी एक
- बॉल ठेवायचे पारदर्शक चौकोनी डबे
- कार्डांसाठी कडक प्लास्टिकची पाकिटं, फोटोंसाठी पुठ्ठ्याचं फोल्डर
- पिवळ्या चिकटचिठ्ठ्या
- पाण्याची बाटली, कोरडा खाऊ, फोनचा चार्जर

पेनं रात्रभर गाडीत ठेवू नका. शिकागोच्या जानेवारीत बॉलपेनाची शाई घट्ट होते आणि नेमकी टेबलाशी अडते. आतल्या खिशात ठेवा आणि रांगेत उभं राहिल्यावर तळहातावर नव्हे, कागदावर चालवून पाहा.

5. त्या दिवशी

सकाळी लवकर पोहोचा. दारात गळपट्टे, टोप्या, जाड कोट यांची एकच गर्दी असते आणि आत चांगलंच उबदार असतं, म्हणून थरांचे कपडे घाला. कोट सांभाळत दोन्ही हातांत बॉल आणि पेन धरणं जमत नाही. कोट ठेवायची सोय असेल तर आधी ते काम उरका.

मग लगेच रांगेला लागू नका. दहा मिनिटं काढून दालनं पाहून घ्या: सह्यांची टेबलं कुठल्या मजल्यावर, स्वच्छतागृह कुठे, मुलाखतींचा हॉल कुठे. ऐन वेळी खेळाडू बदलतात, वेळा पुढेमागे होतात. असे बदल फलकावर किंवा ॲपमध्ये लावतात, अधूनमधून नजर टाका.

रांगेत शिरण्याआधी तिथल्या स्वयंसेवकाला दोन प्रश्न विचारा: ही रांग नेमकी कुणाची? आणि या टप्प्यावर उभं राहिलं तर सही मिळेल ना? खेळाडूची वेळ संपली की रांग तिथेच कापतात. शेवटचा माणूस कोण ते स्वयंसेवकाला साधारण ठाऊक असतं आणि विचारलं तर तो खरं सांगतो. नाही म्हणाला तर वाद न घालता दुसऱ्या, लहान रांगेकडे वळा.

घरातले चौघं असाल तर विभागून उभे राहा, पण जागा धरून ठेवायचा आपला सवयीचा प्रकार इथे करू नका. एकाने उभं राहायचं आणि शेवटी पाच जणांनी मधे शिरायचं, हे मागच्यांना सहन होत नाही आणि स्वयंसेवक सगळ्यांनाच बाहेर काढतो. लहान मुलाला शौचाला न्यायचं असेल तर मागच्या माणसाला सांगून जा. तो आनंदाने जागा राखतो.

मुलांसाठी एक कार्यक्रम आवर्जून धरा. फक्त मुलांनीच प्रश्न विचारायची पत्रकार परिषद इथे दरवर्षीचं आकर्षण असतं. मुलाने एक प्रश्न घरून तयार करून आणावा. ‘‘तुम्ही माझ्याएवढे असताना कोणता मार खाल्ला?’’ असे प्रश्न खेळाडूंना फार आवडतात आणि नंतर टेबलाशी तेच मूल दिसलं की ओळख पटते.

6. टेबलाशी मिळणारी वीस सेकंदं

आपली पाळी येते आणि सगळं भराभर होतं, म्हणून हे नीट मनात बसवून जा.

रांगेत पुढे चार माणसं उरली की बॉल डब्यातून काढा, स्वीट स्पॉट वर येईल असा धरा, पेनाचं टोपण काढा. मुलाचं नाव घालून हवं असेल तर ते चिकटचिठ्ठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून ती बॉलशेजारी ठेवा. ज्ञानदा, ऋग्वेद, शार्दूल ही नावं तोंडी सांगून तिथल्या गोंगाटात कुणालाच लिहिता येत नाहीत. चिठ्ठी पुढे असली की खेळाडू अक्षर अक्षर पाहून लिहितो आणि मग मान वर करून नाव कसं उच्चारायचं ते विचारतो. एका तरुण पिचरने ‘ज्ञानदा’ हे नाव तीनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा जवळपास बरोबर आलं, तेव्हा शेजारच्या दोघा खेळाडूंनीही म्हणून पाहिलं. त्या टेबलावर मिनिटभर सह्या थांबल्या आणि स्वयंसेवकही हसत उभा राहिला.

नाव घालून घ्यावं की नाही यावर दोन मतं आहेत. विकायची वस्तू असेल तर नावाने किंमत उतरते. पण तुम्ही विकायला घेत नाही आहात. खेळाडूंनाही हे कळतं. नाव घालून मागणारा माणूस खरा चाहता असतो, उद्या ही वस्तू लिलावात दिसणार नाही, हे त्यांना उमगतं आणि त्यांचा सूर बदलतो. मुलांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: नाव घालूनच घ्या.

बोलणं मुलाला करू द्या. पालकांनी मागून ‘‘से थँक यू’’ असं ढोसत राहण्यापेक्षा घरी दोन वाक्यं पाठ करून घ्या. नमस्कार, मग एखादी खरी गोष्ट (‘‘मी पण शॉर्टस्टॉप खेळतो’’), मग धन्यवाद. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या खेळाडूला ‘‘ग्रासियास’’ आणि जपानी खेळाडूला ‘‘आरिगातो’’ म्हटलं की चेहरा खुलतो. जपानी खेळाडूंसोबत बहुधा दुभाषा असतो, पण बोलताना नजर खेळाडूकडेच ठेवा.

टाळायच्या गोष्टी: एकाच माणसाने दुसरी, तिसरी वस्तू पुढे सरकवणं, शेजारी उभं राहून फोटोसाठी थांबवणं, गेल्या मोसमातल्या हुकलेल्या झेलाबद्दल विचारणं आणि लांबलचक मजकूर लिहून मागणं. रांगेतून पुढे सरकता सरकता मागच्या कुणीतरी फोटो काढला तर चालतो, तेवढं आपसात ठरवून ठेवा.

7. सही झाल्यावर

बॉल लगेच डब्यात कोंबू नका. शिवणीला दोन बोटांनी धरून दोन-तीन मिनिटं वाळू द्या. चंदेरी पेनाला त्याहून जास्त वेळ लागतो. शाईवर अंगठा टेकू देऊ नका. मूल हातात धरायचा हट्ट धरणारच, तेव्हा डब्यात घालून मग द्या.

त्याच संध्याकाळी डब्याच्या तळाशी कागद चिकटवा: खेळाडूचं नाव, जर्सीचा क्रमांक, तारीख, ठिकाण. बहुतेक सह्या वाचता येण्यासारख्या नसतात.

घरी ठेवताना उन्हापासून लांब. दक्षिणेच्या खिडकीतल्या फडताळावर ठेवलेला बॉल एका उन्हाळ्यात फिका पडतो. अतिनील किरण अडवणारे डबे मिळतात, पण त्यांवर भिस्त न ठेवता सावलीची जागा निवडा. तळघरात ओल असेल तर तिथेही नको. सही टिकावी म्हणून त्यावर वार्निश किंवा हेअरस्प्रे मारायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कातडं पिवळं पडतं आणि ते परत निघत नाही.

8. खरेपणाचं प्रमाणपत्र: कधी हवं, कधी नको

तुम्ही स्वतः समोर उभं राहून घेतलेल्या सहीला घरात ठेवण्यासाठी कसल्याच कागदाची गरज नाही. पण त्याच मेळाव्यातल्या स्टॉलवरून आधीच सही केलेली वस्तू विकत घेणार असाल तर मात्र डोळे उघडे ठेवा.

या धंद्यात खोट्या सह्यांचा सुळसुळाट होता. 1990 च्या दशकात अमेरिकी तपास यंत्रणा एफबीआयने त्यावर मोठी कारवाई केली. सॅन डिएगोचा थोर फलंदाज टोनी ग्विन याला तर स्वतःच्या संघाच्या दुकानात विकायला ठेवलेल्या त्याच्याच ‘सह्या’ खोट्या असल्याचं दिसलं होतं. त्यानंतर 2001 साली मेजर लीगने स्वतःची प्रमाणीकरण योजना सुरू केली. त्यात एक साक्षीदार समोर हजर असतो, बहुतेक वेळा आजी किंवा माजी पोलीस अधिकारी. त्याच्या डोळ्यांदेखत झालेल्या सहीलाच क्रमांकाचं होलोग्राम स्टिकर लागतं. तो क्रमांक मेजर लीगच्या संकेतस्थळावर टाकला की ती वस्तू काय आहे ते दिसतं.

म्हणून स्टॉलवर विकत घेताना क्रमांक तिथल्या तिथे फोनवर तपासा. विक्रेत्याने घरीच छापलेलं ‘प्रमाणपत्र’ पुरावा धरू नका, तो नुसता कागद असतो. पीएसए, जेएसए आणि बेकेट या खासगी कंपन्या सही नंतर तपासून मत देतात, त्यासाठी शुल्क घेतात. मुलाच्या नावाने घेतलेल्या बॉलवर तो खर्च करू नका.

9. सोडतीत नंबर लागला नाही तर

मेळाव्यात हव्या त्या खेळाडूची सही हुकली तर वर्ष वाया गेलं असं समजू नका. जवळची दोन ठिकाणं आहेत आणि एक लांबचं.

लांबचं म्हणजे ॲरिझोनातलं मेसा. तिथल्या स्लोन पार्कमध्ये कब्जचा सराव फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि सरावसामने फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत चालतात. मुलांची वसंताची सुट्टी त्याच सुमाराला येत असेल तर सहल आणि सह्या दोन्ही साधतात. सकाळच्या सरावाला खेळाडू मैदानांच्या मधल्या वाटांवरून जातात आणि कुंपणाशी थांबतात.

जवळचं पहिलं रिग्ली फील्ड. दार उघडल्याबरोबर आत शिरा आणि डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, बाजूच्या कठड्याशी जा. सामना सुरू व्हायच्या बराच आधी काही खेळाडू तिथे येतात. मोठ्याने नाव घेऊन ओरडण्यापेक्षा मुलाला पुढे उभं करा, बॉल आणि पेन दिसेल असं हातात द्या. तिथल्या कर्मचाऱ्याने जागेवर परतायला सांगितलं की लगेच परता.

दुसरं आणि माझं आवडतं, साउथ बेंड. शिकागोहून गाडीने दोन तासांच्या आत पोहोचता येतं. फोर विंड्स फील्डवर कब्जचा दुय्यम संघ खेळतो, तिकीट स्वस्त असतं आणि मैदानाला लागूनच असलेल्या जुन्या ज्यू प्रार्थनागृहाच्या इमारतीत संघाचं दुकान आहे. जानेवारीत ज्या तरुण खेळाडूंची सही घेतली त्यांतले काही इथे खेळताना दिसतील. त्या सहीचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि सामन्याआधी कठड्याशी आलेल्या खेळाडूला मुलाच्या हाताने दाखवा. दुसरी सही लगेच मिळते, बहुतेक वेळा गप्पांसकट. मे-जूनमधला शनिवार गाठा, तास-दीड तास आधी पोहोचा. बॉल रॉलिंग्जचा आणि पेन निळंच न्या.